सुकून तगणारी जलअस्वले

टार्डिग्रेड किंवा जलअस्वल हा आठ पायांचा सूक्ष्म प्राणी आहे. बहुतेक जातींची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत भरते. ओल्या भिंतीवरचे शेवाळ, झाडावरचे दगडफूल, तळ्यातला गाळ, समुद्रतळ, अंटार्क्टिका अशा सर्वत्र जलअस्वले आढळतात. त्यांचे पहिले वर्णन योहान गोएत्झे या जर्मन धर्मोपदेशकाने १७७३ मध्ये केले.

जलअस्वलाला हालचालीसाठी अंगाभोवती पाण्याचा पातळ थर लागतो. शेवाळ वाळू लागले की तिथून निसटण्याइतका वेग त्याच्यापाशी नसतो. अशा वेळी ते पाय आत ओढून घेते, अंग आखडते आणि शेवाळाबरोबर स्वतःही वाळते. शरीरात जेमतेम ३ टक्के पाणी उरते आणि चयापचय जवळजवळ थांबतो. एरवी पाणी गेले की पेशींतली प्रथिने एकमेकांना चिकटतात, पेशींची आवरणे फाटतात आणि प्राणी मरतो. कित्येक जलअस्वलांच्या पेशींत मात्र ठरावीक आकार नसलेली खास प्रथिने असतात. पाणी कमी होताच ती काचेसारखी घट्ट होऊन बाकीच्या रेणूंना जागच्या जागी धरून ठेवतात, आणि पाणी मिळताच पुन्हा विरघळतात. थोड्याच वेळात प्राणी चालू लागतो. या तयारीला अवधी लागतो. एकदम सुकवलेले जलअस्वल बहुधा वाचत नाही, आणि त्याचे सारे सामर्थ्य समजून घेताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

सुकलेल्या अवस्थेतली जलअस्वले सप्टेंबर २००७ मध्ये फोटॉन-एम३ या यानातून अंतराळात नेण्यात आली. तिथली निर्वात पोकळी दहा दिवस सोसून त्यांतली बरीचशी परतली आणि त्यांनी अंडीही घातली. सूर्याचे अतिनील किरण थेट अंगावर घेतलेल्यांपैकी मात्र फारच थोडी वाचली. थंडीचा दाखला याहून विलक्षण आहे. अंटार्क्टिकातून १९८३ मध्ये आणलेले शेवाळ जपानी संशोधकांनी उणे २० अंशांवर ठेवले होते. २०१४ मध्ये ते वितळवल्यावर त्यातली जलअस्वले हालू लागली, आणि एकाने पुढे अंडी घातली.

किरणोत्सर्गाविरुद्धचे एक साधन टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये उघड केले. डीएनएला बिलगून त्याचे रक्षण करणारे हे प्रथिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत आणले, तेव्हा क्ष-किरणांमुळे होणारी डीएनएची हानी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील शेवाळात सापडलेली जात अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकते, आणि त्यामुळे त्या किरणांपासून तिचा बचाव होतो.

उष्णतेपुढे मात्र हा प्राणी दुबळा आहे. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२० मध्ये एका कणखर समजल्या जाणाऱ्या जातीची पाण्यात वावरणारी जलअस्वले सुमारे ३७ अंश सेल्सियसवर ठेवली. एका दिवसात त्यांतली निम्मी मेली.