वर्गातली देवघेव



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल की, हा शिक्षकांच्या शिबिरात बोलण्याचा विषय आहे, नागरिकांच्या सभेत त्याचे काय प्रयोजन? शाळेतील मुले संगणकावर ज्या लहानसहान रचना करतात, त्या त्यांनी एकमेकांना कशा दाखवाव्या आणि त्याची व्यवस्था शिक्षकाने कशी लावावी, एवढाच वरकरणी हा प्रश्न आहे. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम घ्यावेत असे सुचविले आहे. तेव्हा आज ना उद्या हा प्रश्न आपल्या घरी, जेवणाच्या पाटावर येणार आहे. शिवाय त्याच्या पोटात एक जुनाच प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचे पाहून केले तर ती चोरी, की ते शिक्षण? आपल्या शाळांनी या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले आहे, आणि माझ्या मते ते अर्धेच बरोबर आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. १९६७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे सीमोर पेपर्ट, वॉली फॉयरझीग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा सिद्ध केली. पेपर्ट हे मूळचे गणिती. जिनिव्हा येथे झाँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाच्या सहवासात त्यांनी काही वर्षे काढली होती. मूल हे भरावयाचे भांडे नसून ते स्वतःच आपले ज्ञान बांधीत असते, ही दृष्टी त्यांनी तेथून आणली. तिला त्यांनी स्वतःची एक जोड दिली. मूल काहीतरी प्रत्यक्ष घडवीत असेल, आणि ती वस्तू इतरांना पाहता येईल, हाताळता येईल अशी असेल, तर हे बांधकाम अधिक पक्के होते, असे ते म्हणत.

१९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात पेपर्ट यांनी ब्राझीलमधील सांबा नृत्याच्या शाळांचे उदाहरण घेतले आहे. तेथे लहानथोर, नवशिके आणि निष्णात एकाच ठिकाणी जमतात आणि कार्निव्हलच्या उत्सवासाठी एकत्र नाचतात. आपल्याला ब्राझीलला जाण्याचे कारण नाही. आपल्या गावची तालीम डोळ्यांपुढे आणावी. तेथे वस्तादही असतो, उमेदीचा पैलवानही असतो आणि कालपरवा लंगोट कसलेले पोरही असते. सारे एकाच लाल मातीत उतरतात. पोर आधी पाहते, मग तसा डाव करून बघते, पडते, पुन्हा उठते. दुसऱ्याचा डाव उचलला म्हणून तालमीत कोणी कोणाला चोर म्हणत नाही. उलट, कोणाचा डाव कोणाकडून आला हे सर्वांना ठाऊक असते आणि वस्तादाचे नाव अभिमानाने घेतले जाते.

हीच तालीम संगणकावर उभी करण्याचा एक मोठा प्रयत्न २००७ साली जगापुढे आला. त्याचे नाव ‘स्क्रॅच’. एमआयटी या विख्यात संस्थेतील मिचेल रेझ्निक यांच्या चमूने तो घडविला. आज स्क्रॅच फाउंडेशन ही ना-नफा संस्था तो चालविते आणि तो विनामूल्य आहे. यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत बसविले की पडद्यावरचे पात्र चालू लागते, बोलू लागते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एखाद्या मुलाने आपली रचना ‘शेअर’ केली की कोणालाही ती उघडून आतले ठोकळे पाहता येतात. ‘रीमिक्स’ असे बटण दाबले की तिची एक प्रत पाहणाऱ्याच्या खात्यात येते. त्याने ती हवी तशी बदलावी. मूळ कर्त्याचे नाव त्या प्रतीवर आपोआप राहते. तेथे शेअर केलेली प्रत्येक रचना अशा परवान्याखाली असते की, नाव सांगून ती घ्यावी, बदलावी आणि आपणही पुढच्यास तशीच मोकळी द्यावी.

आता आपल्यापैकी एखादे गृहस्थ मनात म्हणतील, “म्हणजे नकलेला राजमान्यता मिळाली म्हणावयाची!” या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी मी एक अगदी साधे उदाहरण घेतो. एका मुलीने चौरस काढला. तिच्या ठोकळ्यांत एवढेच आहे: शंभर पावले पुढे जा, उजवीकडे ९० अंश वळ, आणि हे चार वेळा कर. शेजारच्या मुलाने ती रचना जशीच्या तशी घेतली. येथे थांबला तर तो काहीच शिकला नाही, हे मी मान्य करतो. पण त्याला त्रिकोण हवा आहे. तो चाराचे तीन करतो. चित्र उघडेच राहते, चौरसाची चौथी बाजू तेवढी नाहीशी होते. मग त्याला आठवते की समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो. तो ९० च्या जागी ६० घालतो. आता तर अर्धा षट्कोन निघतो! मुलगा बुचकळ्यात पडतो. चालणारा वळतो तो आतल्या कोनाने नव्हे, बाहेरच्या कोनाने, हे त्याच्या ध्यानात येते, १२० घालताच त्रिकोण मिटतो, आणि कोणी न सांगता तो ३६० ला बाजूंच्या संख्येने भागू लागतो. भूमितीचा हा सिद्धांत त्याला नकलेने दिला नाही, पण नकलेने त्याला त्याच्या दारापर्यंत आणून सोडले. दार त्याने स्वतः उघडले.

म्हणून शिक्षकाने वर्गात पहिला नियम करावा तो हा: घ्यावयास मोकळीक आहे, परंतु घेतलेल्यात एक तरी बदल केला पाहिजे आणि तो बदल काय केला, का केला, हे दोन ओळींत लिहिले पाहिजे. स्क्रॅचमध्ये प्रत्येक रचनेच्या बाजूला सूचना आणि श्रेय लिहिण्याची जागा आहेच. ती रिकामी ठेवू देऊ नये.

श्रेयाविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण मुलांच्या मनाचा खरा जिव्हाळा तेथे आहे. स्क्रॅचच्या आरंभीच्या काळात मुलांच्या तक्रारी येऊ लागल्या की, अमक्याने माझे काम उचलले. तेव्हा मूळ कर्त्याचे नाव यंत्रानेच छापावे अशी सोय करण्यात आली. प्रश्न सुटावयास हवा होता. २०११ साली आंद्रेस मोनरॉय-हर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, यंत्राने छापलेल्या नावाने मुलांचे समाधान फारसे होत नाही. ज्याने घेतले त्याने आपल्या शब्दांत “हे मी तुझ्याकडून घेतले” असे म्हटले, तर त्याची किंमत मुलांना कितीतरी अधिक वाटते. श्रोतेहो, यात नवल ते काय? लग्नाच्या छापील पत्रिकेत आपले नाव असणे वेगळे आणि यजमानाने दारात येऊन ‘या’ म्हणणे वेगळे. कृतज्ञता यंत्रावर सोपविता येत नाही. ती शिकवावी लागते, आणि वर्ग हीच ती शिकविण्याची जागा आहे.

आता व्यवस्थेकडे वळू. शिक्षकाने स्वतःसाठी शिक्षकाचे खाते मागून घ्यावे. त्यातून त्याला वर्ग तयार करता येतो आणि मुलांची खाती उघडता येतात. त्यासाठी मुलांचा ईमेल लागत नाही, आणि मूल पासवर्ड विसरले तर तो शिक्षकालाच बदलून देता येतो. खात्याचे नाव ठेवताना मुलाचे खरे नाव, आडनाव, गाव, शाळा यांपैकी काही येऊ देऊ नये. प्रत्येक पाठासाठी एक ‘स्टुडिओ’ करावा, म्हणजे त्या पाठाच्या सर्व रचना एका फडताळात लागतात. स्टुडिओतील अभिप्राय बंद ठेवण्याची सोय आहे. आरंभी ते बंदच ठेवावेत, आणि अभिप्राय वर्गात समोरासमोर, तोंडाने द्यावयास शिकवावे.

यात एक गोष्ट पालकांनी नीट ध्यानात घ्यावी. मूल जोवर शेअर करीत नाही, तोवर रचना त्याच्याच खात्यात राहते. शेअर केली की ती केवळ वर्गापुरती राहत नाही, जगाला दिसते. म्हणून मी तीन उंबरठे मानतो. पहिला बाकाचा: शेजाऱ्याला दाखव. दुसरा वर्गाचा: भिंतीवरच्या पडद्यावर दाखव. तिसरा जगाचा, आणि हा पालकांच्या संमतीवाचून ओलांडू नये. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची संमती आवश्यक ठरविली. आपल्याकडे २०२३ साली संसदेने संमत केलेला व्यक्तिगत विदेविषयीचा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो. कायदा आहे म्हणून संमती घ्यावी असे नव्हे. आपल्या लेकराचे काम चव्हाट्यावर जाणार असेल, तर आईबापांना ते आधी कळले पाहिजे, ही साधी रीत आहे.

ज्या शाळेत इंटरनेटचा भरवसा नाही तिने निराश होण्याचे कारण नाही. स्क्रॅच संगणकावर उतरवून घेता येते आणि प्रत्येक रचना फाइल म्हणून साठविता येते. वर्गाच्या संगणकात एक फोल्डर करावा, मुलांनी आपापल्या फाइली त्यात ठेवाव्या आणि दुसऱ्याच्या उघडून पाहाव्या. यंत्र येथे आपोआप नाव छापणार नाही, म्हणून कोणाचे घेतले हे मुलालाच लिहावे लागेल. मला तर ही उणीव गुणासारखी वाटते.

शेवटचा आणि सर्वांत नाजूक मुद्दा लाजेचा आहे. दाखविणे म्हटले की आपल्याकडे स्नेहसंमेलन आठवते: निवडक मुले, झळझळीत पोशाख, बाकीचे टाळ्या वाजविण्यापुरते. संगणकाच्या वर्गातही तसेच झाले, तर चार हुशार मुलांच्या रचना पडद्यावर झळकतील आणि उरलेली मुले मनात गाठ बांधतील की हे आपले काम नव्हे. यावर उपाय एकच आहे: अर्धवट काम दाखविण्याची प्रथा पाडावी. “माझे पात्र भिंतीतून पार जाते, ते कसे थांबवू?” असे विचारीत जे मूल पुढे येते, ते वर्गाला पुऱ्या झालेल्या रचनेपेक्षा अधिक देते, कारण त्याच्या अडचणीत सर्वांना शिरता येते. आणि एखाद्याला आज दाखवावयाचे नसेल, तर त्याला सक्ती करू नये. उंबरठा ज्याने त्याने आपल्या पायाने ओलांडावा.

गुणांचे काय, असे आपण विचाराल. रचना मूळची कोणाची, यावर गुण देऊ नयेत. काय घेतले, काय बदलले आणि ते समजले की नाही, यावर द्यावेत. मुलाला जवळ बसवून “हा ठोकळा काढला तर काय होईल?” एवढे विचारले, की दोन मिनिटांत नकलेचे आणि शिक्षणाचे निवाडे होतात.

आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो की वहीवर हात धर, शेजाऱ्याला दिसू देऊ नको. परीक्षेच्या तीन तासांपुरते ते योग्यही असेल. परंतु वर्षातले उरलेले दिवसही आपण मुलांना हात धरूनच बसविले, आणि मग मोठेपणी त्यांना सहकार करता येत नाही म्हणून हळहळलो. आपल्या गावच्या शाळेत संगणकाची खोली असेल, तर पालक म्हणून एकदा तेथे जा. यंत्रे किती आहेत हे जरूर विचारा. पण त्याचबरोबर हेही विचारा की, येथली मुले एकमेकांचे काम पाहतात का, आणि घेतले तर नाव घेतात का. या दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी आली, तर त्या खोलीत शिक्षण चालू आहे असे खुशाल समजावे.