रानपिंगळा आणि ढोलीचे झाड

(वन्यजीव सप्ताहानिमित्त हिंगोली येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पहाटे कुडमुडे वाजवीत दारी येणारा पिंगळा आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. त्याला पिंगळा पक्ष्याची भाषा कळते, असा समज होता. त्याचे नावही त्या पक्ष्यावरूनच पडले. साळुंकीएवढे हे घुबड आजही आपल्या गावच्या चिंचेच्या किंवा आंब्याच्या ढोलीत राहते. मात्र आज मी बोलणार आहे ते त्याच्या दुर्मिळ भावंडाविषयी, म्हणजेच रानपिंगळ्याविषयी.

1872 च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लूइट यांना मध्य भारतातील जंगलात हा पक्षी प्रथम मिळाला. 1873 मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात तळोद्याच्या परिसरात काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र हा पक्षी जणू अदृश्य झाला.

येथे एक गोष्ट कार्यालयात काम करणाऱ्या आपणा सर्वांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी 1914 साली गुजरातेतील मांडवी येथे रानपिंगळा मिळाल्याची नोंद केली होती. तिच्यावर विसंबून पुढील शोध भलत्याच ठिकाणी घेतले गेले. तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला व डेव्हिडसन यांनीच पूर्वी गोळा केलेला होता, हे नंतर उघड झाले. एका खोट्या नोंदीने अभ्यासकांची कित्येक वर्षे वाया घालविली. अखेर जुन्या, खऱ्या नोंदींचा माग घेत पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी जिवंत दिसला. मध्ये 113 वर्षे गेली होती!

रानपिंगळा सुमारे 23 सेंटिमीटर लांबीचा असतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. याचे डोके मोठे व जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. पायांवर दाट पांढरी पिसे असतात. विशेष म्हणजे तो दिवसाही शिकार करतो. सरडे, उंदीर व टोळ हे त्याचे भक्ष्य. सागाच्या विरळ, पानझडी वनात तो राहतो आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. तोरणमाळ, यावल, मेळघाट येथे आणि 2014 मध्ये तानसा अभयारण्यातही तो आढळला. जागतिक यादीत आज तो संकटग्रस्त गणला जातो. वृक्षतोड, अतिक्रमण, वणवे आणि अंधश्रद्धेपायी होणारी हत्या ही त्यामागील कारणे आहेत.

आपल्या गावात आहे तो साधा पिंगळा. मग या सर्वांचा हिंगोलीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध ढोलीचा आहे. पिंगळा स्वतः ढोली कोरू शकत नाही. ती जुन्या झाडातच तयार होते, आणि जुने झाड म्हणजे निरुपयोगी झाड, असे समजून आपण रस्त्याच्या कामात प्रथम त्याच्यावरच कुऱ्हाड चालवितो. नवी रोपे लावून ही हानी भरून निघत नाही. रोपाला ढोली धरण्यास अनेक दशके लागतात. एवढ्या अवधीत शेतातील उंदीर व कीटक खाणारा हा बिनपगारी राखणदार जाईल कोठे?

म्हणून तीन विनंत्या करतो. झाड तोडण्याचा ठराव संमत करण्यापूर्वी पंचायतीने ते ढोलीचे आहे का, हे पाहावे. शिक्षकांनी मुलांकडून गावातील अशा झाडांची यादी करून घ्यावी, आणि ती खरी असावी. प्रत्यक्ष पाहिले तेवढेच लिहावे. आणि पिंगळ्याचा आवाज अशुभ मानून त्याला दगड मारणाऱ्यास आपण सर्वांनी समजावावे. घुबड पकडणे वा मारणे कायद्याने गुन्हा आहेच. परंतु कायद्याआधी शेजारधर्म असतो.

रानपिंगळा पुन्हा सापडला, हे आपले भाग्य होय. प्रत्येक वेळी असे भाग्य लाभेलच, असे नाही.