फौजी घरी परतल्यावर

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. पण जे पेन्शनीवर घरी येतात, त्यांच्याविषयी आज बोलूया.

नवरा सीमेवर असताना शेत, सासू-सासरे, शाळा, बँक सगळं बाईच बघते. तो येतो तो बहुधा चाळिशीच्या आत-बाहेर. अंगात हुकमाची सवय, इथं मात्र हाताला काम नाही. मग निर्णय कुणी घ्यायचा, यावरून खटके उडतात. रात्री दचकून उठणं, गप्प राहणं, चिडणं, दारू वाढणं सुरू होतं. त्याला वेडं म्हणू नका. घरातलं एखादं काम पुरतं त्याच्यावर सोपवा. पैशाचा हिशेब दोघांनी मिळून लिहा.

दोन आठवड्यांनंतरही झोप नसेल, तर १४४१६ या ‘टेली मानस’ नंबरवर फोन करा. मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या मनावर ताण असेल, तर तुम्हीही करा. आणि त्यानं हात उगारला, तर फौजी आहे म्हणून सोसू नका, १८१ लावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे दोन्ही नंबर प्रत्येकीच्या वहीत लिहून घ्या.