हमालाची मजुरी आणि आपली बक्षिसी

(एका बुद्धविहारात कुटुंबमेळाव्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. घर बदलताना सामान वाहून आणणाऱ्या हमालाला ठरलेल्या पैशांखेरीज वर काही द्यावे काय, द्यावयाचे तर किती द्यावे, आणि हाच प्रश्न घरकाम करणारी बाई, उपाहारगृहातील वाढपी, दारी जिन्नस पोचविणारा मुलगा यांच्या बाबतीत कसा सोडवावा, एवढाच हा विषय आहे. यात वकिलाने बोलण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारी उभे राहून घेतले, त्यांची नातवंडे आता स्वतःच्या दारात उभी राहून देऊ लागली आहेत. ही जागा आपल्याला नवी आहे. तेथे उभे राहिल्यावर आपण कसे वागतो, ही साधी गोष्ट नव्हे.

मी स्वतः या परीक्षेत एकदा नापास झालो आहे, म्हणून त्या प्रसंगापासूनच आरंभ करतो. मागे आम्ही भाड्याच्या दोन खोल्या सोडून तिसऱ्या मजल्यावरील नव्या घरी राहावयास गेलो. सामान हलविण्याचे काम एका वाहतूकदाराला उक्ते दिले होते. त्याने चार माणसे पाठविली. त्या दिवशी इमारतीचा पाळणा बंद होता. कपाट, पलंग, पुस्तकांची खोकी, सर्व काही त्या चौघांनी पाठीवर घेऊन जिन्याने चढविले. संध्याकाळी काम संपल्यावर त्यांतील वयाने मोठा माणूस दाराशी थांबला आणि म्हणाला, "साहेब, खुशीनं काही द्या." मी उत्तर दिले, "ठरलेले पैसे तुमच्या मालकाला पोचले आहेत." कायद्याच्या दृष्टीने माझे उत्तर बिनचूक होते. माझी वृद्ध आई एका गाठोड्यावर बसली होती. ती म्हणाली, "वकीलसाहेब, बापाच्या मानेवरचा घट्टा विसरलात काय?" मग तिने त्या माणसाला पाणी दिले आणि विचारले, "बाबा, तुला रोज किती पडतो?" तो म्हणाला, "आजी, रोज ठरलेला आहे. जिन्याचे पैसे मालक वेगळे लावतो, पण ते आमच्या हातात येत नाहीत."

मी बिल काढून पाहिले. जिन्याचा आकार त्यात खरोखरच लावलेला होता. मी चौघांना प्रत्येकी दोनशे रुपये दिले आणि त्या वाहतूकदाराला दूरध्वनी केला. तो मोकळेपणाने म्हणाला, "गिऱ्हाईक वर काही देतेच, म्हणून तर रोज तेवढा ठेवला आहे." हे वाक्य आपण नीट ध्यानात घ्यावे. मी ज्याला माझे औदार्य समजत होतो, ते त्या मालकाने आधीच हिशेबात धरले होते. त्याने द्यावयाच्या मजुरीचा एक भाग माझ्या मर्जीवर सोडून दिला होता, आणि त्यासाठी हात मात्र पुढे करावा लागत होता त्या श्रमिकाला.

ही रीत आपणांस अपरिचित आहे काय? माझे आजोबा गावी येसकर होते. दवंडी देणे, सारा वसूल करणाऱ्यांबरोबर हिंडणे, मेलेले ढोर ओढणे, निरोप घेऊन रात्री-अपरात्री परगावी जाणे, ही सारी कामे त्यांच्याकडे होती. मोबदला म्हणून तुटपुंजी वतनी जमीन, खळ्यावर मिळेल ते धान्य आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. कामाचे तास ठरलेले नव्हते, मोबदल्याचे माप ठरलेले नव्हते. देणारा जे देई ते दान ठरे आणि घेणाऱ्याने केलेले काम मात्र कर्तव्य ठरे. या पद्धतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडून घाव घातला. ती वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या घरात ही आठवण ताजी आहे त्यांना बक्षीस हा शब्द कडू लागतो, यात नवल नाही. त्या संध्याकाळी मीही त्याच कडवटपणाने बोललो. परंतु माझा राग चुकीच्या माणसावर निघाला.

ही गोष्ट केवळ आपल्या देशापुरती नाही. अमेरिकेत यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने गेली. त्यानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनडब्यांत सेवेसाठी काळ्या पुरुषांची भरती केली. त्यांतील अनेकजण पूर्वी गुलाम होते. पगार अपुरा ठेवण्यात आला आणि उरलेले पोट प्रवाशांच्या बक्षिसीवर भरावे अशी व्यवस्था झाली. प्रवासी त्या प्रत्येकाला कंपनीच्या धन्याच्या नावावरून 'जॉर्ज' अशी हाक मारीत, जणू त्यांना स्वतःचे नावच नव्हते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हाही ही पद्धत चालू होती. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ साली कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. त्यांचे भले प्रवाशांच्या उदारपणाने झाले नाही, संघटनेने झाले. तरीही तो रोग त्या देशातून समूळ गेलेला नाही. तेथील संघराज्याच्या कायद्यात बक्षिसी मिळविणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यावयाचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर एवढेच आहे. बाकीची भरती प्रथम गिऱ्हाइकाच्या बक्षिसीतून होते आणि ती कमी पडली तरच मालकाने करावयाची असते.

आपल्या देशात कायद्याने निराळा मार्ग धरला आहे. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली बाबासाहेबांनी मजूर खात्याचे सभासद म्हणून मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. गिऱ्हाइकाने दिलेली बक्षिसी दाखवून मालकाला किमान वेतनात काटछाट करता येत नाही. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली आहे, आणि आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असा निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करवून घेणे हीसुद्धा त्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरीच होय. पुढे २०१६ साली हॉटेलांतील बक्षिसीच्या आयकरासंबंधीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ती पगार नसल्याचे सांगितले, कारण ती मालकाकडून नव्हे तर गिऱ्हाइकाकडून येते. मजुरी हे मालकाचे देणे आहे. बक्षिसी ही आपली इच्छा आहे. एकीने दुसरीची जागा घेता कामा नये.

या दोहोंतील फरक मी माझ्या घरात पाहिला आहे. माझे वडील धान्याच्या बाजारात पोती वाहत. प्रारंभीच्या वर्षांत दर दिवाळीस व्यापारी त्यांना पोस्त म्हणून मिठाईचा डबा आणि एक नोट देई. ते घरी आले की आई एकच प्रश्न विचारी, "पोत्यामागं दर वाढवला का?" दर वाढलेला नसे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्यान्वये नोंदलेल्या मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार द्यावयाचा अशी योजना आहे. वडिलांची नोंदणी झाल्यावर घरी फंडाच्या पावत्या येऊ लागल्या. आईने त्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या. त्या फंडातून उचल घेऊन माझी विधिमहाविद्यालयाची फी भरली गेली. मिठाईचे इतके डबे आले, पण त्यांतला एकही आमच्या उपयोगी पडला नाही.

मग यावरून बक्षिसी मुळीच देऊ नये, असा निष्कर्ष काढावा काय? नाही. त्या संध्याकाळी मी चौघांना विन्मुख पाठविले असते तर त्यांचा रोज वाढला नसता, फक्त माझे आठशे रुपये वाचले असते. तत्त्वाच्या नावाखाली गरिबाच्या पोटावर काटकसर करणे हे तत्त्व नव्हे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कामगारांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम सोपवावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, घरी आलेल्या विशेष चांगल्या पदार्थात वाटा द्यावा आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. येथे वेतन आणि खास पदार्थाचा वाटा ही दोन स्वतंत्र कर्तव्ये सांगितली आहेत. वाटा दिला म्हणून वेतन चुकत नाही, आणि वेतन दिले म्हणून आपल्या आनंदात कष्टकऱ्याला वाटा देऊ नये असेही नाही. आपण ज्याला बक्षिसी म्हणतो तिची योग्य जागा हीच होय.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, घर बदलताना बोलणी करतेवेळीच विचारा की माणसे किती, प्रत्येकास रोज किती आणि जिन्याचे पैसे कोणाला मिळणार. जादा मजले, जादा ओझे, जादा वेळ यांचे पैसे ही मजुरी आहे. ती आधी ठरवावी आणि ज्याने ओझे वाहिले त्याच्या हाती पडते की नाही हे पाहावे. कामगाराचा वाटा मारणाऱ्या वाहतूकदाराला पुढल्या वेळी काम देऊ नये व त्याचे कारण त्याला तोंडावर सांगावे.

दुसरी गोष्ट, ठरलेल्याच्या वर किती द्यावे? माझ्या मते माप असे असावे की, ज्याने अर्धा दिवस राबून आपले घर हलविले त्याला एका वेळचे पोटभर जेवण आणि चहा होईल इतके द्यावे. आजच्या शहरातील भावाने ते माणशी शंभर ते दोनशे रुपये होतात. काम दिवसभराचे असेल तर जेवण आपण घरीच घालावे आणि पैसेही द्यावेत. मुकादमाच्या हाती एकत्र रक्कम न देता प्रत्येकाच्या हातात द्यावी. आपली ऐपत नसेल तर कर्ज काढून देऊ नये. थंड पाणी, चहा आणि नाव विचारून मानलेले आभार यांनाही मोल आहे. मात्र कोणी दमदाटी करून मागू लागला तर ती बक्षिसी राहत नाही, आणि तिला नकार देण्यास संकोच बाळगू नये.

तिसरी गोष्ट, घरकाम करणाऱ्या बाईला वर्षातून एकदा एक महिन्याचा पगार जादा देण्याची अनेक घरांत रीत आहे. ती चांगली आहे. तो दिवाळीस द्यावा की बुद्धपौर्णिमेस, असा वाद आपल्या काही घरांत चालतो. तिच्या घरी जेव्हा सण असेल तेव्हा द्यावा. पण आजारपणाची रजा कापून सणाला साडी देणे हे माझ्या आजोबांच्या भाकरीपेक्षा निराळे नाही.

चौथी गोष्ट, उपाहारगृहात बिलावर आपोआप लावलेला सेवाआकार देण्याचे बंधन आपणांवर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती वैध ठरविली. तो आकार नाकारून वाढप्याच्या हातात दहा-वीस रुपये ठेवणे अधिक उचित. दारी जिन्नस आणणाऱ्या मुलालाही, विशेषतः पावसात अथवा रात्री, तसेच द्यावे आणि शक्यतो रोख द्यावे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सरकारी रुग्णालयातील सेवक, कचेरीतील शिपाई, पारपत्राच्या चौकशीस आलेला पोलीस, यांना त्यांच्या कामाबद्दल चहापाणी देऊ नये. ते लोकसेवक आहेत, आणि तेथे बक्षिसी म्हणजे लाच होय. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागल्यास सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच त्याला संरक्षण मिळते.

बंधूंनो आणि भगिनींनो, देताना आपला हात वर आहे असे वाटू देऊ नका. नोट फेकू नका, पाणी निराळ्या पेल्यात देऊ नका, वयाने मोठ्या माणसाला अरेतुरे करू नका. मुलांना त्या वेळी जवळ उभे करा, म्हणजे ती शिकतील. आणि पैसे देण्यापूर्वी माझ्या आईने विचारला तोच प्रश्न विचारा, "तुला रोज किती पडतो?" ज्या दिवशी त्याचे उत्तर ऐकून आपणांस लाज वाटणार नाही, त्या दिवशी बक्षिसी किती द्यावी हा प्रश्न खरोखर लहान होईल.

जय भीम.