काम बाहेर, जाण कोणाकडे?



एखाद्या संस्थेने आपले काम स्वतः करावे की मोल देऊन दुसऱ्याकडून करून घ्यावे, हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. १९३७ साली रोनल्ड कोस या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी तो उलट बाजूने मांडला. प्रत्येक काम बाजारात विकत घेता येत असेल, तर कंपन्या मुळात अस्तित्वात तरी का येतात? त्यांचे उत्तर असे की, बाजारातील खरेदीलाही खर्च येतो. योग्य माणूस शोधावा लागतो, भाव ठरवावा लागतो, करार लिहावा लागतो आणि तो पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवावे लागते. हा खर्च फार वाढला की काम घरातच करणे परवडते. कोस यांना १९९१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सॉफ्टवेअरचे काम बाहेर देण्याविषयी जो वाद चालतो, त्याचे मूळ याच विचारात आहे.

या वादाला खरी धार आली ती १९८९ साली. त्या वर्षी अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने आपल्या संगणककेंद्रांचा कारभार आयबीएमच्या स्वाधीन केला. संगणकाची कामे बाहेर देण्याची चाल त्यापूर्वीही होती. परंतु एवढ्या मोठ्या आणि सुस्थितीतील कंपनीने हे पाऊल उचलल्यामुळे इतरांचा संकोच गेला. फिल्म बनवणे हा आपला व्यवसाय आहे, संगणक चालवणे हा नव्हे, असा त्यामागील युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद पोकळ नाही आणि भारतीय वाचकाला तर तो सहज झटकून टाकता येणार नाही. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली, १९७३ साली मुंबईत अंधेरीला निर्यातीसाठी सिप्झ हे क्षेत्र उभे राहिले, १९८१ साली पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. परदेशातील संस्थांनी काम बाहेर दिले म्हणूनच या उद्योगाचा विस्तार झाला. इसवी सन २००० जवळ येऊ लागले तेव्हा याची उपयुक्तता विशेष दिसून आली. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे केवळ शेवटचे दोन आकडे लिहिलेले असल्याने २००० आणि १९०० यांत संगणकाला भेद कळणार नव्हता. ओळीन् ओळ तपासण्यासाठी अल्प काळ पुष्कळ माणसे हवी होती. दोन-तीन वर्षांच्या अशा कामासाठी कोणत्याही बँकेने कायमची भरती करणे शहाणपणाचे ठरले नसते.

तरीही शंका उरतेच. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली असे प्रतिपादन केले की, प्रोग्रॅम म्हणजे केवळ लिहिलेला मजकूर नव्हे. तो रचणाऱ्यांच्या मनात त्या कामाविषयी जी समग्र समज तयार होते, ती खरी वस्तू होय. अमुक नियम असाच का लिहिला, तो बदलल्यास आणखी काय बिघडेल, हे कागदोपत्री पूर्णपणे उतरत नाही. ती माणसे पांगली की प्रोग्रॅम चालत राहतो, पण त्यात समजून-उमजून बदल करणारे कोणी उरत नाही. हे मान्य केले, तर काम बाहेर देणारी संस्था नकळत आपली समजही बाहेर देत असते.

सल्लागाराच्या ज्ञानाचे मोलही येथेच नीट पारखावे लागते. गवंड्याने शंभर घरे बांधलेली असतात. भिंत किती जाड असावी हे तो घरमालकापेक्षा उत्तम जाणतो; परंतु कोणत्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, हे त्या घरात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. सल्लागाराचे ज्ञान पहिल्या प्रकारचे असते. अनेक संस्था पाहिल्यामुळे तुलना करण्याची शक्ती त्याच्याजवळ असते आणि ती खरोखर उपयोगी पडते. मात्र दुसऱ्या प्रकारचे ज्ञान तो आणू शकत नाही. ते संस्थेत आधीपासून असावे लागते. ते नसेल, तर सल्ला बरा की वाईट हे ठरवणार कोण?

ही समज हातची गेली म्हणजे काय घडते, याचे अत्यंत दुःखद उदाहरण ब्रिटनच्या टपाल कार्यालयांत सापडते. तेथे १९९९ पासून 'होरायझन' ही हिशेबाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. ती आयसीएल या कंपनीने तयार केली होती आणि ही कंपनी पुढे जपानच्या फुजित्सूमध्ये विलीन झाली. गावोगावच्या उप-पोस्टमास्तरांच्या हिशेबात संगणक तूट दाखवू लागला. करारानुसार ती तूट त्यांनीच भरून द्यायची होती. तक्रार केल्यास असा त्रास इतर कोणालाही होत नाही, असे उत्तर कित्येकांना मिळाले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, अनेकांचे दिवाळे निघाले, आणि ज्या गावात आयुष्य काढले तेथेच त्यांना चोर म्हणून वावरावे लागले.

पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रणालीत दोष होते, त्यांमुळे हिशेबात तूट दिसू शकत होती, आणि फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना दुरून शाखेच्या नोंदींत फेरफार करता येत होता. ही शेवटची गोष्ट अनेक वर्षे नाकारण्यात आली होती. २०२४ साली संसदेने खास कायदा करून इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमधील अशा शिक्षा सरसकट रद्द केल्या.

या प्रकरणाचा सगळा दोष काम बाहेर देण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. खटले भरणारे अधिकारी टपालखात्याचेच होते आणि त्यांनी आपल्या माणसांपेक्षा यंत्रावर अधिक विश्वास ठेवला. परंतु त्या विश्वासाची परीक्षा घेण्यासाठी प्रणालीचे अंतरंग जाणणारी स्वतःची माणसे आवश्यक होती. ती समज पुरवठादाराकडे राहिली. ज्याच्या मालाविषयी शंका होती, त्याच्याच जाणकारांची साक्ष न्यायालयात प्रमाण मानली गेली.

याच्या शेजारी भारतीय रेल्वेचा अनुभव ठेवून पाहावा. आयबीएमने १९७८ साली भारतातून काढता पाय घेतल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी मालकीच्या सीएमसी या संस्थेकडे आली. याच सीएमसीने १९८५-८६ साली नवी दिल्लीत रेल्वेच्या आरक्षणाची पहिली संगणकप्रणाली उभी केली. म्हणजे रेल्वेनेही काम बाहेरच दिले होते. मात्र १९८६ सालीच रेल्वेने 'क्रिस' ही स्वतःची संगणकसंस्था स्थापन केली. तिने नव्वदच्या दशकात 'कॉन्सर्ट' ही नवी प्रणाली रचली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एका जाळ्यात आली. कोटे, सवलती, प्रतीक्षायादी यांचे गुंतागुंतीचे नियम जाणणारी माणसे घरात तयार झाली. पुढे २००१ साली सरकारने सीएमसीतील बहुसंख्य भाग टाटा समूहाला विकले आणि २०१५ साली ती संस्था टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. बाहेरच्या संस्थेची मालकी बदलली, तरी आरक्षणाची जाण रेल्वेच्या हाती राहिली.

तात्पर्य, वाद काम बाहेर द्यावे की देऊ नये एवढाच नाही. देताना काय राखून ठेवावे, हा आहे. लिहिण्याचे श्रम विकत घेता येतात. क्वचितच लागणारे कौशल्यही विकत घ्यावे. पण कामाचे नियम का तसे आहेत याची समज, नोंदींवरील अधिकार आणि झालेले काम तपासण्याची पात्रता या तीन गोष्टी करारात लिहून दुसऱ्याच्या हवाली करता येत नाहीत.

भारतासारख्या देशाला हा विचार दोन्ही बाजूंनी लागू पडतो. येथील तरुण दूरदेशीच्या संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहितात. आपण लिहिलेल्या एका ओळीमुळे परक्या गावातील दुकानदाराच्या हिशेबाचे काय होईल, हे त्यांना बहुधा दिसत नाही. आणि याच देशातील नागरिक कर, तिकीट, शिधा अशा प्रत्येक गोष्टीसाठी कोणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर विसंबून असतात. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला संगणक एक सांगतो आणि तो स्वतः दुसरेच सांगतो, अशा वेळी त्याचे म्हणणे तपासून पाहू शकणारी व्यक्ती खिडकीच्या आतल्या बाजूला असली पाहिजे. काम बाहेर देताना प्रत्येक संस्थेने निदान एवढी एक जागा रिकामी होऊ देऊ नये.