राणीछाप रुपये घासू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. पण माझ्या हातून घडलेली चूक तुमच्या हातून घडू नये, म्हणून चार शब्द सांगते.

सासूबाईंनी लक्ष्मीपूजनासाठी पाच राणीछाप रुपये माझ्या स्वाधीन केले. त्यांना ते आईने लग्नात दिलेले. जुन्या फडक्याच्या पुरचुंडीत राहून त्यांना कडेने निळसर, आत सोनेरी रंग चढला होता. मला तो मळ वाटला. चिंच आणि रांगोळी घेऊन चार रुपये लख्ख घासले. पाचवा फडक्याच्या घडीत राहून गेला. सासूबाईंनी ताट पाहून एवढेच विचारले, "बाई, हे रुपये कुणाचे?"

पुढे नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांना ते दाखवले. घासलेल्या चारांना त्यांनी नुसता चांदीचा भाव सांगितला. पाचव्याला त्याहून पुष्कळ अधिक. ते म्हणाले, हवेतल्या गंधकाने चांदीवर पातळ थर येतो. तो आधी पिवळा, मग तांबूस, निळा आणि शेवटी काळा दिसतो. घासताना त्याबरोबर चांदीही जाते, बारीक ओरखडे पडतात. ते पुन्हा भरून येत नाहीत. अमेरिकेत १८७८ पासून पाडलेले मॉर्गन डॉलर कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षे पडून रंगले. हौशी लोक त्या रंगासाठीच जादा पैसे मोजतात. मात्र औषधे लावून खोटा रंग चढवणारेही असतात, म्हणून घेताना जाणकाराला दाखवावे.

आपला राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, शंभरात सुमारे ९२ भाग चांदीचा. १८७७ पासूनच्या रुपयांवर 'क्वीन'ऐवजी 'एम्प्रेस' असे आहे. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्मीच राहिली.

तेव्हा भगिनींनो, नाणे कडेने धरा. पूजेत हळदकुंकू कलशाला वाहा, नाण्याला नको. रबर किंवा मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. कोरड्या जागी, प्रत्येक वेगळे ठेवा.

शेजारच्या शिर्डीत १९१८ च्या दसऱ्याला साईबाबांनी लक्ष्मीबाई शिंदे यांना आधी पाच, मग चार असे नऊ रुपये दिल्याची हकीकत साईचरित्रात आहे. ती ऐकताना ते रुपये किती चकचकीत होते, हे आपण कधी विचारले का?

सासूबाई आता नाहीत. पाचवा रुपया मी विकला नाही; तो मुलीला त्याच फडक्यात बांधून देणार आहे. घासायचा नाही, हे सांगून.