मफलर विणताना

घरातल्या पुरुषमाणसासाठी काही विणायचं म्हटलं, की आपण थेट स्वेटरला हात घालतो. मग बाह्यांपाशी घोडं अडतं आणि थंडी संपून जाते. माझा एक राखाडी स्वेटर असा एका बाहीनिशी तीन हिवाळे कपाटात पडून होता. शेवटी तो उसवला, लोकरीच्या लडी करून धुतल्या, वाळवल्या आणि आठ दिवसांत त्याचा मफलर केला. पहाटे साडेपाचला स्कूटरवरून पाळीला निघालेल्या ह्यांच्या गळ्यात तो घातला. ‘‘टोचत नाही ना?’’ तर म्हणाले, ‘‘चालेल.’’ पुरुषांची दाद ती एवढीच!

१९६२ साली चीनच्या युद्धात घरोघरच्या बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले. त्यांना तर माप घ्यायलाही माणूस समोर नव्हता. मफलरला मापाची काळजी नाही, हा त्याचा मोठाच गुण.

आठ नंबरच्या सुया आणि मध्यम जाडीची साधारण दीडशे ग्रॅम लोकर घ्या. चाळीस टाके घालून एक सुलट, एक उलट असं दीड मीटर विणत जा. टाके सम असले, की प्रत्येक ओळ सुलटानंच सुरू होते. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं मात्र विणू नका. त्या विणीच्या कडा गुंडाळल्या जातात आणि मफलरची सुरळी होते. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बरीचशी अॅक्रिलिकची असते. एक धागा जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो. अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. मुलांसाठी अॅक्रिलिक चालतं, धुवायला सोपं.

पण मुलांचा मफलर लांब नको. नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात गेली, ती गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून. माझ्या मुलाच्या मफलरचं टोक सायकलच्या चेनमध्ये गेलं, तेव्हा तो चढावर होता, वेग नव्हता. म्हणून गुडघ्यावर निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मीच हौसेनं गोंडे लावून तो कमरेपर्यंत लांब केला होता.

दुसरा विणला तो तीस टाक्यांचा, जेमतेम पाऊण मीटर. वीतभर झाल्यावर निम्मे टाके पिनेवर ठेवले, उरलेले आठ सेंटिमीटर विणले. मग पिनेवरचे तेवढेच विणून सगळे पुन्हा एका सुईवर घेतले. मधे काजासारखी फट राहते. दुसरं टोक तिच्यातून ओवलं, की मफलर छातीवर बसतो. काही लोंबत नाही. गोंडे अर्थातच नाहीत.

ह्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग आपला राखाडी मफलर माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘स्कूटरला चाकं असतातच की. यालाही तसं भोक पाडून दे.’’ विणून झालेल्यात भोक पाडता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? पुन्हा उसवायला घेतला.